मापाची जर्सी

दादा : जरा हळू बोल. बाबा खिडकीखालीच बसलेत.

गोली : बसू देत. करतायत काय?

दादा : गवत कापायच्या मशीनची पाती पुसतायत. उद्या सकाळी नवा माळी येणार, त्याच्या हातात मळकं मशीन द्यायचं नाही म्हणे. आज निवृत्त झालेला माणूस, आणि बसलाय ग्रीस लावत.

गोली : मध्यंतरात मैदानात बोलावलं होतं ना त्यांना?

दादा : बोलावलं की. माइकवरून सांगितलं, आपले माळीबुवा आज शेवटचे. लोक उभे राहिले टाळ्या वाजवत. हे चालत गेले मधल्या वर्तुळापर्यंत, आणि फक्कीच्या रेघेवर पाय पडू नये म्हणून चक्क टुणकन उडी मारली! या वयात! अख्खं स्टेडियम हसलं. तू असायला हवी होतीस, गोली.

गोली : निळ्या टीमच्या पोरीला लाल टीमच्या स्टँडमध्ये कोण बसू देणार?

दादा : झालं सुरू. अगं, आता कोण बघतंय ते? लहानपणीच्या गोष्टी त्या.

गोली : तुझ्या गळ्यातला मफलर कुठल्या रंगाचा आहे?

दादा : मफलरचं सोड. चहा घे, निवतोय.

गोली : आणि मला गोली म्हणू नकोस. आता मी प्रयोगशाळेत विभाग सांभाळते.

दादा : विभाग सांभाळ नाहीतर देश सांभाळ. मागच्या अंगणात दोन बादल्यांच्या मधे तुला गोलकीपर म्हणून उभी केली तेव्हापासून तू गोली. एक बॉल अडवता यायचा नाही, पण जागची हलायची नाहीस.

गोली : फोनवर म्हणालास, तातडीचं आहे. दोन बस बदलून आलेय. मुद्द्याचं बोल.

दादा : मुद्दा हाच. ही खोली क्लबची. माळी गेला की खोली गेली. नव्या माळ्याच्या बायकोनं तर पडद्यांची मापंही घेऊन ठेवलीत. मग बाबांनी जायचं कुठे?

गोली : तुझ्याकडे.

दादा : बघ, लगेच. एवढं सोपं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? कसंय बघ, माझी परिस्थिती तुला माहीत आहे. दोन खोल्या. पोरं अभ्यासाला बसली की आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे. हॉलमध्ये सासूबाई.

गोली : सासूबाई मावल्या.

दादा : त्या आधी आल्या.

गोली : हे बरंय. बसमधल्या सीटसारखं. आधी रुमाल टाकला त्याची जागा.

दादा : मार टोमणे, मार. पण मग उपायही तूच सांग. तुझ्याकडे तर आता... म्हणजे, जागा आहे.

गोली : काय जागा आहे?

दादा : म्हणजे, आईची खाट.

गोली : बोललास शेवटी. मी वाटच बघत होते.

दादा : तसं नव्हतं म्हणायचं मला.

गोली : तसंच म्हणायचं होतं. आईची खाट रिकामी झाली, आता तिच्यावर बाबा. गादी तरी बदलून देशील का? तुमच्या गाद्यांच्या दुकानात काम करणाऱ्यांना सवलत असेल ना?

दादा : गादीवरून बोलायचं काम नाही. त्या दुकानावर माझं घर चालतं.

गोली : मग ऐक. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं, संध्याकाळी जिने चढून वर जायचं, तिला पुसायचं, कूस बदलायची, पाठीला जखम होत नाही ना ते बघायचं. तू किती वेळा आलास?

दादा : आलो होतो की.

गोली : आलास. फळं घेऊन. चपला काढायच्या आधी घड्याळ बघायचास. मी एका शब्दानं बोलले? नाही. म्हटलं, बरोबरच आहे. आई निळी, मी निळी. माझी मी सांभाळली. बाबा लाल, तू लाल. तुझे तू सांभाळ.

दादा : माणसं म्हणजे काय टीम आहेत?

गोली : हे तू मला विचारतोस? या खोलीत बसून?

दादा : बरं बाई, चुकलं. मी भांडायला नाही बोलावलंय तुला. मार्ग काढलाय मी. गावाबाहेर एक निवास आहे, वयस्कर लोकांसाठी. स्वच्छ. नर्स असते. वेळच्या वेळी जेवण. हा बघ, मोबाइलवर फोटो. आणि मुख्य म्हणजे समोर हे एवढं लॉन. म्हटलं, बाबांना बरं वाटेल.

गोली : मोठा कर फोटो.

दादा : बघ ना, कसं हिरवंगार.

गोली : दादा, हे गवत खोटं आहे.

दादा : खोटं म्हणजे?

गोली : प्लास्टिकचं आहे. सगळी पाती एका उंचीची, एका रंगाची. आणि झाडाखालीही तेवढीच दाट. सावलीत गवत विरळ होतं. माळ्याचा मुलगा ना रे तू?

दादा : हिरवं आहे ना? मग झालं. बाबांना हल्ली लांबचं तसंही धूसर दिसतं.

गोली : म्हणजे एकीकडे आईची खाट, दुसरीकडे प्लास्टिकचं गवत. आणि तुझं घर?

दादा : ते सांगितलं ना आत्ताच.

गोली : म्हणजे ते निवडीत नाहीच.

दादा : आपण त्यांच्यावर काही लादायचं नाही, एवढंच मी म्हणतोय. त्यांनाच निवडू दे.

गोली : मग मार हाक. विचार.

दादा : सरळ विचारलं तर काय म्हणतील? "तुम्ही म्हणाल तसं." आणि परत पाती पुसत बसतील. त्यांच्या तोंडून कधी सरळ उत्तर ऐकलंयस? म्हणून हे आणलं. पिशवीत बघ.

गोली : स्वेटर?

दादा : दोन. एक लाल, एक निळा. निरोपाची भेट म्हणून समोर ठेवायचे. म्हणायचं, बाबा, यातला एक निवडा. लाल उचलला तर निवास. ती बाजू मी बघतो, रविवारी जाऊन येत जाईन. निळा उचलला तर तुझ्याकडे. त्यांना कळायचंही नाही आपण काय विचारलं. म्हणजे वाईट वाटायचा प्रश्नच नाही. कोणाला नाही म्हटल्यासारखं होत नाही. काय? अशी काय बघतेस?

गोली : तुला खरंच कळत नाहीये, तू काय करतोयस ते?

दादा : काय करतोय?

गोली : याच पलंगावर दोन जर्सी ठेवल्या होत्या. एक लाल, एक निळी.

दादा : आठवतं की. न आठवायला काय झालं? तू सहाची, मी दहाचा. बाबा म्हणाले, आज छोटीनं टीम निवडायची. नीट बघून घे, घाई करू नकोस. घर बदलेल, नोकरी बदलेल, टीम जन्माची. तू निळी उचललीस. लालच्या मैदानामागे जन्मलेली पोरगी, आणि निळी?

गोली : आणि संध्याकाळी आईनं बॅग भरली. तिच्यात माझे कपडे होते, तुझे नव्हते. मी विचारलं, दादाचे कुठेत? आई म्हणाली, दादा लाल आहे ना, तो इथेच. तू निळी झालीस. मामाकडे सगळे निळे, आपण तिकडे. मी म्हटलं, मग मी बदलते, मी लाल होते. तर बाबा म्हणाले...

दादा : एकदा घेतली की घेतली.

गोली : पाठ आहे तुला.

दादा : मीही होतो की या खोलीत. खरं सांगू? कित्येक वर्षं मला राग होता तुझा. वाटायचं, या चिमुरडीनं एक रंग उचलला आणि घराची दोन शकलं केली. तिनं आईला निवडलं, आम्हाला टाकलं.

गोली : सहा वर्षांच्या पोरीनं.

दादा : मी तरी केवढा होतो? आणि तुला काय वाटतं, मी जिंकलो? मला ठेवून घेतलं, ते काय लाड करायला? रूळ ओढायला. थंडीत शाळेआधी मैदानावर दव झटकायला. बाबा दिवसभरात बोलायचे ते गवताबद्दल. तुझ्याकडे निदान आई होती.

गोली : मग यायचं होतंस आमच्याबरोबर.

दादा : मला कोणी विचारलं? मला चालायला यायच्या आधीच लाल घातली होती. पलंगावर माझ्या मापाची निळी नव्हती, गोली.

गोली : मापाची. हां. तूच म्हणालास बरं का तो शब्द.

दादा : कुठला शब्द?

गोली : आई मरेपर्यंत आल्या-गेल्याला सांगायची. नवरा नाही राहिला, मुलगा नाही आला, पण माझ्या लेकीनं मला निवडलं. त्या एका वाक्यावर जगली ती. मी तिला कधी सांगितलं नाही की मी तिला निवडलं नव्हतं. मी अंगाला बसणारी जर्सी निवडली होती.

दादा : म्हणजे?

गोली : दोन्ही घालून बघितल्या होत्या मी. आधी लाल. गुडघ्यांच्या खाली आली. बाह्यांत माझे हात हरवले. तू पोट धरून हसलास. म्हणालास, तंबू आला चालत.

दादा : म्हणालो होतो खरा.

गोली : मग निळी घातली. जणू शिंप्यानं माप घेऊन शिवलेली. मी आरशासमोर गिरकी घेतली आणि म्हटलं, हीच. झाली निवड. त्यात आई नव्हती, बाबा नव्हते, फुटबॉलही नव्हता.

दादा : योगायोग गं. बाबांना जी मिळाली ती त्यांनी आणली असणार.

गोली : मीही तेच समजत होते. आई गेल्यावर कपाट आवरलं, तेव्हा ती जर्सी हाताला लागली. पहिल्यांदाच शांतपणे विचार केला. तुझी लाल जर्सी कुठून आणायचे रे ते?

दादा : क्लबच्या दुकानातून. हे काय, गेटला लागून.

गोली : तिथे लहान मापं नसायची?

दादा : ढिगानं असायची. अगदी तान्ह्या बाळाचीसुद्धा...

गोली : बोल ना. थांबलास का?

दादा : अगदी तान्ह्या बाळाचीसुद्धा असायची.

गोली : म्हणजे माझ्या मापाची लाल जर्सी हाकेच्या अंतरावर होती. ती आणली नाही. मोठ्या पोरांची आणली. आणि निळ्यांचं दुकान कुठे?

दादा : पुलापलीकडे.

गोली : लालच्या मैदानाचा माळी. ज्याला पुलापलीकडे शेंबडं पोरही ओळखतं. तो निळ्यांच्या दुकानात शिरतो आणि सहा वर्षांच्या पोरीच्या मापाची जर्सी घेऊन येतो. याला योगायोग म्हणतात?

दादा : लक्षात नसेल आलं त्यांच्या. पुरुषमाणसाला काय कळतात कपड्यांची मापं?

गोली : ज्या माणसाला बुटाच्या तळव्यातून कळतं, गवत बोटभर आहे की तीळभर जास्त, त्याला स्वतःच्या पोरीची उंची कळत नव्हती?

दादा : तू प्रत्येक गोष्टीचं असं रक्त काढून का बघतेस?

गोली : तुम्ही दुकानात काय करता? गिऱ्हाइकाला दोन गाद्या दाखवता ना?

दादा : तो धंदा आहे.

गोली : पहिली दगडासारखी. मग दुसरीवर टेकल्या टेकल्या तो म्हणतो, हीच. आणि घरी जाऊन बायकोला सांगतो, मी निवडली.

दादा : म्हणजे तुझं म्हणणं, बाबांनीच तुला...

गोली : बाबांनी मला देऊन टाकलं. आणि पावती माझ्या नावानं फाडली.

दादा : आणि मी तुझ्यावर राग धरून बसलो.

गोली : तू, मी, सगळेच. मी तर स्वतःवर. नववीत होते तोवर झोपेत उठून बसायचे, की मी जर्सी परत करते, मला परत न्या.

दादा : मला माहीत नव्हतं हे.

गोली : आता माहीत झालं, तरी स्वेटर पिशवीतच आहेत. लालच्या माळ्यापुढे लाल स्वेटर ठेवणार आणि निळा स्वेटर ठेवणार. तो कुठला उचलणार, हे तुला दुकानातच ठाऊक होतं ना?

दादा : मी तसा काही विचार...

गोली : दादा.

दादा : केला. केला विचार. म्हटलं, तुझ्या गळ्यात नको पडायला. आईचं केलंस तू.

गोली : वा! म्हणजे माझ्यासाठीच केलंस सगळं.

दादा : मग तू नेतेस का? एवढी चिरफाड केलीस, आता एक सरळ सांग. नेतेस बाबांना?

गोली : नाही.

दादा : मग मी काय वेगळं केलं?

गोली : मी तोंडानं नाही म्हणतेय. तुझ्या डोळ्यांत बघून. स्वेटरला म्हणायला लावत नाहीये. त्यांनी मला ठेवून नाही घेतलं, मी का ठेवून घेऊ? निळ्यांची मॅच इथे असली की मामा मला आणायचा, पाहुण्यांच्या स्टँडमध्ये. मॅचच्या आधी हे फक्कीचं गाडं ढकलत रेघा मारत असायचे. मी जाळीला नाक लावून हात हलवायची. एकदा वर बघितलं असेल तर शपथ. आणि आमच्या बाजूचा कोपरा कायम सगळ्यात शेवटी. नावडतं काम ढकलतात ना, तसा.

दादा : शू. पाती पुसायचा आवाज थांबला.

(बाबा आत येतात. हातात ग्रीसनं काळं झालेलं फडकं.)

बाबा : आलीस होय.

गोली : आले.

बाबा : चहा घेतला का?

दादा : घेतला, घेतला. या बाबा, बसा. आम्ही आपलं असंच, इकडचं तिकडचं.

बाबा : ऐकलं.

दादा : काय ऐकलं?

बाबा : खिडकी आहे ती. भिंत नाही.

दादा : बाबा, तसं नाही हं, आम्ही फक्त...

बाबा : तुमचा कोपरा मी शेवटी ठेवायचो. तिथे वेळ काढता यायचा. रेफ्री हाकलेपर्यंत. आधी मारला असता, तर पुढच्या कोपऱ्याला जावं लागलं असतं.

गोली : मग वर बघायला काय झालं होतं?

बाबा : रेघ वाकडी झाली असती.

गोली : जर्सीचं खरं आहे?

बाबा : हं.

गोली : हं नको. हो की नाही?

बाबा : हो. पुलापलीकडून आणली. दुकानदारानं ओळखलं. म्हणाला, काय माळीबुवा, पक्ष बदलला वाटतं? चारचौघं हसले. मी म्हटलं, पोरीसाठी हवीय. एवढी आहे. हातानं दाखवलं, माझ्या कमरेच्या जरा वर.

गोली : का पण?

बाबा : तू लहान होतीस. मी उजाडायच्या आत मैदानावर. तुझी वेणी कोण घालणार होतं? आजारी पडलीस तर कोण बसणार होतं? हा दहाचा होता, याला भात लावता यायचा.

दादा : तेवढ्यासाठी मी राहिलो होय इथे. भात लावता यायचा म्हणून.

गोली : मग तसं सांगायचं ना मला. म्हणायचं, पोरी, तुला आईबरोबर जायचंय.

बाबा : रडली असतीस.

गोली : रडलेच. मामाच्या घरी, उशीत तोंड खुपसून.

बाबा : ते मला दिसणार नव्हतं.

दादा : काय बोलताय, बाबा!

बाबा : विचारलं तिनं. सांगितलं.

गोली : आणि मला वाटत राहिलं, मी मोडलं घर. त्याचं काय?

बाबा : ते तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, स्वतः निवडलं की माणूस तिथे रमतो.

गोली : मी नाही रमले.

बाबा : हं.

गोली : परत हं.

बाबा : उपटून दुसरीकडे लावलेलं गवत धरतं. पाणी घातलं की धरतं. मला तेवढंच माहीत होतं. ... ती पिशवी इकडे दे रे.

दादा : राहू द्या, बाबा. ते आपलं सहज आणलं होतं.

बाबा : सहज कोणी दोन आणतं का? मांड.

दादा : बाबा, खरंच नको. मी परत करतो दुकानात.

बाबा : पलंगावर मांड. शेजारी शेजारी. नीट, घडी उलगडून.

दादा : मांडले.

बाबा : त्या निवासातलं गवत कसं आहे?

दादा : चांगलं आहे, बाबा. हिरवं.

बाबा : उन्हाळ्यातही?

दादा : बाराही महिने.

बाबा : खिडकीतून प्लास्टिकचं ऐकू आलं होतं.

दादा : फोटोवरून नीट कळत नाही, बाबा.

बाबा : असू दे. चांगलंच आहे. कापावं लागणार नाही.

गोली : बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय ते तोंडानं सांगा. एकदा तरी.

बाबा : आईचं दोन वर्षं केलंस. तेही ऐकलं मी. मला कोणी कळवलं नव्हतं.

दादा : मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल.

बाबा : हं. माझाच मुलगा. ... बरं. यातला माझ्या मापाचा कुठला?

दादा : दोन्ही तुमच्या...

गोली : निळा.

बाबा : निळा?

गोली : निळा तुमच्या मापाचा आहे. लाल मोठा आहे. ढगळ होईल तुम्हाला.

दादा : अगं, काहीतरीच काय? एकाच मापाचे दोन...

गोली : तू गप्प बस, दादा. मी चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात, दुसरं काही नाही. मी दिवसभर घरात नसते, आणि तुमच्याशी काय बोलायचं ते मला अजून माहीत नाही. पण निळा मापाचा आहे.

बाबा : मघाशी नाही म्हणाली होतीस.

गोली : म्हणाले होते. आता निळा म्हणतेय.

बाबा : तुझ्या आईलाही खोटं बोलता यायचं नाही. असंच नाक लाल व्हायचं.

गोली : घालून तर बघा.

बाबा : लालच दे, पोरी. बाह्या दुमडता येतात.